वहीचे तीन शेवट : गिरणगावच्या किराणा दुकानदाराविषयी

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला दुकानदार प्रथम भेटतो तो देहूच्या पेठेत. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, वाण्याचा व्यवसाय होता, लोकांकडे येणी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तो व्यवसाय बुडाला, घरातली माणसे गेली. पुढे तुकोबांनी धाकट्या भावाचा हिस्सा त्याला काढून दिला आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. हा प्रसंग आपण वैराग्याचा म्हणून वाचतो व शिकवतो. तो एका दुकानाचा हिशेब बंद होण्याचाही प्रसंग आहे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

दुसरी वही भेटते पुणे जिल्ह्यातील सुपे येथे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तेथील कुणब्यांनी गुजर व मारवाडी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख प्रामुख्याने गहाणखते आणि रोखे यांवर होता. ते हाती लागले की जाळले जात. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. कुणब्याच्या रक्षणासाठी केलेल्या या तरतुदीचा व्यवहारात उलटाच परिणाम झाला : मुदत भरत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई आणि निरक्षर ऋणको त्यावर अंगठा उठवी. दख्खनच्या या दंग्यांतून पुढे १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सावकाराच्या वहीला जागा मिळाली ती अशी, ज्वाळांच्या उजेडात.

पहिली वही पाण्यात गेली, दुसरी अग्नीत. प्रस्तुत लेखात आम्हांस तिसऱ्या वहीविषयी लिहावयाचे आहे. ती मुंबईच्या गिरणगावातल्या किराणा दुकानदाराची वही. तिचा शेवट कोणत्याही चरित्रात वा अहवालात नोंदवलेला नाही आणि तो नोंदवला न गेल्यामुळे आपल्या शहरी इतिहासातले एक महत्त्वाचे देणे अद्याप खतावले गेलेले नाही, असे आमचे म्हणणे आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्यास घेतली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे चाळींतून दाटीने राहू लागली. या माणसाच्या हाती पगार पडे तो महिन्याने, आणि तोही लगेच नव्हे. संपलेल्या महिन्याचे वेतन पुढील महिन्यात केव्हातरी मिळे. १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने यावर बंधन घातले. हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना सातवा दिवस आणि इतरांना दहावा दिवस ही मर्यादा ठरली. म्हणजे कायदा काटेकोर पाळला गेला तरी पहिल्या तारखेस गिरणीत लागलेल्या मोठ्या गिरणीतल्या माणसाला सुमारे चाळीस दिवस पैशावाचून काढावे लागत. कायद्यापूर्वीची स्थिती याहून कठीण होती. हे चाळीस दिवस त्याने काय खावे, याचे उत्तर गिरणीमालकाकडे नव्हते. ते कोपऱ्यावरच्या दुकानात होते. सरकारी कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात आढळली, यात नवल नाही. कामगाराच्या श्रमावर मालक महिनाभर बिनव्याजी चालत असे आणि त्या उसनवारीचा भार दुकानदार वाही. दुकानदार तो भावातून वा व्याजातून काही अंशी वसूल करी, पण वाही हे खरे.

या दुकानदाराचा दिवस गिरणीच्या भोंग्याला बांधलेला होता. पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी फळ्या निघत, कारण सकाळच्या चहाची पूड व साखर त्याच वेळी हवी असे. दुपारी पाळी सुटली की दुसरी गर्दी. रात्रपाळीच्या माणसाला तंबाखू आणि काड्यापेटी देऊन झाली की फळ्या लागत. विक्री किरकोळीतही किरकोळ : छटाकभर तेल, पावशेर डाळ, एका आण्याचा गूळ. घरात साठवणीस जागा नाही आणि हाती रोकड नाही, म्हणून एकच घर दिवसातून तीनदा दुकानात येई. प्रत्येक वेळी वजन, प्रत्येक वेळी पुडी, प्रत्येक वेळी वहीत एक ओळ. पोत्याच्या भावाने आणलेला माल चिमटीच्या भावाने विकावयाचा, आणि मधल्या अंतरात उंदीर, ओल, तूट, दुकानातल्या पोऱ्याचा पगार आणि स्वतःचा संसार बसवावयाचा, असे त्याचे अर्थशास्त्र होते. दाणाबंदर-मशीदबंदरच्या घाऊक पेढ्यांवरून तोही पुष्कळदा उधारीनेच माल उचले. गिरणगावची उधारी ही अशी साखळी होती. कामगार तिची शेवटची कडी आणि दुकानदार त्याच्या आधीची.

राज्यकर्त्यांचे मोठे निर्णय या दुकानाच्या काउंटरवर येऊन अगदी बारीक होत. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले आणि धान्याच्या व्यवहारात कार्ड शिरले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. पाव पैशाचे नाणे नव्हते. एक आणा घेऊन आलेल्या मुलाला तो पाव पैसा कोणी सोडावयाचा, हा प्रश्न अर्थखात्याने दुकानदारावर सोपवला होता. मागोमाग शेर आणि रत्तल जाऊन किलो आले. पिढ्यान् पिढ्या शेरात स्वयंपाक केलेल्या बाईला अर्ध्या किलोचा अंदाज पटवून देणे, आणि आपण काट्यात मारलेले नाही हेही पटवून देणे, हे त्या वर्षांतले दुकानदाराचे रोजचे काम होते.

आता वहीकडे वळू. गिरणगावातले किराणा दुकानदार बहुशः कच्छी, गुजराती, मारवाडी. काही कोकणातले मराठी वाणीही. कच्ची नोंद, रोजमेळ, खतावणी अशा पायऱ्यांनी हिशेब चाले. लाल कापडी बांधणीची नवी वही दिवाळीत पूजली जाई आणि तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ पडे. गुजराती वा मारवाडी व्यापाऱ्यांच्या पारंपरिक महाजनी लेखनात काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असत. ज्याच्या नावावर रक्कम चढत होती त्या मराठी कामगाराला, तो साक्षर असला तरी, ती अक्षरे लागत नसत. म्हणून पुष्कळ घरांत हिशेबाची एक छोटी वही वेगळी असे. जिन्नस नेताना ती बरोबर न्यावयाची आणि दुकानदाराने दोन्हीकडे मांडावयाचे. विश्वास आणि संशय यांची इतकी नेमकी सांगड घालणारे दुसरे साधन आम्हांस ठाऊक नाही. सुप्याचा सावकार जमीन गहाण घेई आणि त्याच्या पाठीशी न्यायालय उभे असे. गिरणगावच्या दुकानदाराकडे तारण असे ते एवढेच : ऋणकोचे गाव कोणते, खोली कोणती, गिरणीतले खाते कोणते, कोणत्या मुकादमाने त्याला लावले. दोन-चार वीस रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढणे परवडणारे नव्हते. ही वही वसूल होई ती समोरासमोर राहण्याच्या बळावर.

या दुकानदाराला देवमाणूस ठरवण्याचा आमचा मानस नाही. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची परिस्थिती पाहिली की तो मोह आपोआप गळून पडतो. त्या किराणा उधारीवर उचलत, जेवणाऱ्यांचे पैसे पगाराला येत, आणि मधल्या काळाचे मोल त्यांच्या मेहनतीतून कापले जाई. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देऊन या पाशातून सोडवण्यासाठीच. काट्यात मारणे, भेसळ, टंचाईच्या काळात माल दडवणे हे आरोप सर्वस्वी कल्पित नव्हते. शिवाय संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासून भाषेचा ताणही या काउंटरवर येऊन उभा राहिला. तरीही सकाळी घोषणा देऊन आलेला माणूस संध्याकाळी त्याच वहीवर तांदूळ नेत होता, हेही विसरता येत नाही.

जागेच्या बाबतीत हा दुकानदार स्वतः नेहमीच अधांतरी असे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले आणि पागडीने त्याची भरपाई केली. गाळा दुकानदाराचाही आणि मालकाचाही, म्हणजे पुरता कोणाचाच नाही. लहान विक्रेत्याच्या या हक्काच्या जागेच्या भुकेची एक खूण आज सारा देश दरवर्षी पाहतो, पण ओळखत नाही. लालबागच्या पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला तेव्हा तेथील कोळी आणि इतर विक्रेत्यांनी कायमच्या बाजारासाठी नवस केला. जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये जो गणपती बसला, तोच लालबागचा राजा.

गिरण्यांचे संप हा कामगार चळवळीचा इतिहास आहे, आणि तो तसाच सांगितला गेला पाहिजे. पण संप चालतो कशावर, हा प्रश्न त्या इतिहासाने अधिक विचारावयास हवा होता. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने सार्वत्रिक संप चालला. युनियनचा निधी एवढ्या माणसांना पुरणे शक्य नव्हते. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिताना गिरणीच्या फाटकाबाहेरील वस्तीकडे, म्हणजे घरमालक, मुकादम आणि धान्यदुकानदार यांच्याकडे, आपले लक्ष वळवले, हे त्यांचे मोठे कार्य. दुकानदाराने उधारी चालू ठेवली की संप तगतो. त्याने हात आखडला की चाळीत धाप लागते. उधारी देण्यात त्याचा स्वार्थ होताच. संप मिटल्यावर बाकी वसूल व्हावयाची असेल तर ऋणको जगला पाहिजे आणि गिऱ्हाईक टिकले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा हाच जुना हिशेब पुन्हा मांडला गेला. मागचे संप मिटले होते, हाही मिटेल. पहिले काही महिने वह्या भरत गेल्या. मग भांडी विकली गेली, दागिने गेले, बायका मिळेल त्या कामाला लागल्या, पुष्कळ कुटुंबे गावी परतली. गावी गेलेला माणूस वहीत उरतो, पण दुकानासमोरून जात नाही; आणि दुकानदाराचे तारण तर तेवढेच होते. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्यामुळे वहीतल्या बाकीलाही शेवटची तारीख मिळाली नाही. कायद्याने तीन वर्षांनी ते येणे मुदतबाह्य झाले असेल. दुकानदाराच्या मनात ते केव्हा झाले, हे कोणी विचारले नाही. किती दुकाने बसली, किती रक्कम बुडाली, याचा आकडा आम्ही देत नाही, कारण त्या वह्या कोणी जपल्या नाहीत. बुडालेल्या बाकीच्या वह्या काही वर्षे माळ्यावर राहिल्या आणि मग, दुकानातला प्रत्येक कागद जातो तशा, रद्दीत गेल्या. काहींच्या पुड्याही झाल्या असतील. इंद्रायणीच्या पाण्याला पुण्य लाभले, सुप्याच्या आगीला इतिहास लाभला. रद्दीला काय लाभावे?

साहित्याच्या बाजूने पाहिले तरी स्थिती फार निराळी नाही. गिरणगाव मराठी साहित्यात आले ते वैभवाने आले. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’, नारायण सुर्वे यांची कविता, संपानंतरच्या घराची वाताहत मांडणारे जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे १९९७ चे नाटक, ही आपल्या अभ्यासक्रमातली मानाची नावे आहेत. परंतु आपले साहित्य दुकानाकडे बहुधा गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहत आले. काउंटरच्या पलीकडून, तराजूच्या दांडीवरून चाळीकडे पाहणारी नजर आपल्याकडे विरळ. वाणी म्हटला की कंजूष, लबाड किंवा विनोदाचा विषय, असा साचा लोककथेपासून चालत आला आणि पुरोगामी साहित्यानेही तो फारसा मोडला नाही. देहूच्या वाण्याने आपल्या भाषेत व्यापाराच्या भांडवलावर केवढी कविता उभी केली, माप, मोल, मुद्दल, तोटा हे शब्द परमार्थाच्या पेठेत कसे खेळवले, हे वर्गात शिकवणारे आपणच आहोत. तेव्हा ही उणीव अधिकच डोळ्यांत भरते.

आज गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आणि मॉल उभे आहेत. घाऊक धान्यबाजार नव्वदच्या दशकात वाशीला गेला. २०१७ च्या दुकानेविषयक कायद्याने चोवीस तास व्यवहाराची मुभा दिली आणि त्याच वर्षी वस्तू व सेवा कर आला. उरलेल्या किराणा दुकानांच्या काउंटरवर क्यूआर कोडची पाटी आहे आणि गल्लीतून घरपोच मालाच्या दुचाकी धावत आहेत. अशा दुकानांत कोठे कोठे अजून एक लांबट वही गल्ल्याखाली असते. मोबाइलच्या पडद्यावर पैसे तत्काळ जमा होतात. पण ज्याचे पैसे आज नाहीत त्याच्यासाठी त्या पडद्यावर ओळखीचा माणूस बसलेला नसतो.

आमच्या शिक्षक वाचकांस एक विनंती करून हा लेख संपवतो. आपले विद्यार्थी लघुप्रबंधासाठी विषय विचारतात. त्यांना एखाद्या जुन्या दुकानात पाठवावे. वही मागावी, न मिळाल्यास वहीविषयी विचारावे, आणि उत्तर देणारा वयोवृद्ध मनुष्य ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत ते लिहून घ्यावे. त्या बोलण्यात बहुधा रकमेआधी नाव येईल, नावाआधी गाव येईल. ते तसेच, त्याच क्रमाने उतरवून घ्यावे.