रॅप-काव्यातील विश्वचिंता

काव्याने जगाच्या दुःखाचा भार वाहावा की स्वतःच्या सौंदर्यातच कृतार्थ राहावे, हा वाद मराठी वाचकाला अपरिचित नाही. फडके-खांडेकरांच्या काळात तो हिरिरीने खेळला गेला आणि अनिर्णितच राहिला. या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. कवी हा सुशिक्षित, ग्रंथांशी परिचित असा मनुष्य असून जगाचे प्रश्न त्याच्यापासून काही अंतरावर आहेत. त्या प्रश्नांकडे वळावे किंवा वळू नये, एवढेच त्याच्या हाती आहे, हे ते गृहीत होय. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पादात जगभर पसरलेल्या रॅप-काव्याने या गृहीतालाच धक्का दिला. हिप-हॉप नावाच्या व्यापक नागर संस्कृतीचे हे शब्दरूप अंग. तालाच्या ठेक्यावर, यमके आणि अंतर्यमके साधीत केलेले वेगवान उच्चारण, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. या काव्याने जागतिक प्रश्नांची जाणीव वाढवली, असे सर्रास म्हटले जाते. विधान खोटे नाही. परंतु ही जाणीव कोणी कोणाला करून दिली, हे पाहिल्यावाचून ते फारसे उपयोगाचेही नाही.

या काव्याचा जन्म 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत झालेल्या नृत्यसमारंभात झाला, असे परंपरा सांगते. त्या रात्री तबकड्या वाजवणारा तरुण क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क हा जमैकातून लहानपणी आलेला. भल्यामोठ्या ध्वनिक्षेपकांवर संगीत लावून त्यावर बोलत राहण्याची किंग्स्टनची रीत त्याच्यासोबत आली होती. म्हणजे ज्याला आपण अमेरिकी काव्यप्रकार म्हणतो, तो मुळातच स्थलांतरिताच्या गाठोड्यातून आलेला आहे. महामार्गासाठी वस्त्या कापल्या गेलेल्या आणि आगींनी इमारतींचे सांगाडे उरलेल्या त्या भागात प्रथम निघाली ती आनंदाची, बढाईची गीते. 1982 मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह या मेळ्याच्या नावाने ‘द मेसेज’ प्रसिद्ध झाले. त्यातील शब्द प्रामुख्याने एड फ्लेचर आणि मेली मेल यांचे. मेळ्यातील बहुतेक जण हे गीत ध्वनिमुद्रित करायलाच नाखूश होते. असले गंभीर वर्णन नाचायला आलेला श्रोता ऐकणार नाही, अशी त्यांची धास्ती होती. या गीतात जग नाही, राष्ट्रही नाही. एक गल्ली आहे, तिच्यातली काच, घाण, थकलेले भाडेकरू आहेत. आणि तरीही डाकारपासून मुंबईपर्यंतच्या तरुणांना ते आपले वाटले.

याच्या उलट उदाहरण कान्ये वेस्टच्या 2005 मधील ‘डायमंड्स फ्रॉम सिएरा लिओन’चे. सिएरा लिओनमधील यादवी युद्ध 1991 ते 2002 चालले आणि हिऱ्यांच्या चोरट्या व्यापाराने ते पोसले गेले. परंतु या गीताच्या मूळ पाठात शीर्षकापलीकडे हा विषय जवळजवळ नाहीच. तो आला नंतरच्या पाठात, आणि आला तो अंगावर हिरे मिरवणाऱ्याच्या अपराधी चुळबुळीतून. ती चुळबूळ प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे. अनेक श्रोत्यांना त्या युद्धाचे नाव प्रथम याच गीताने कळले असेल, हेही मान्य. पण खाणीत वाकलेला मनुष्य या गीतात बोलत नाही. त्याच्याविषयी बोलले जाते. ही जाणीव म्हणजे श्रीमंताला झालेला साक्षात्कार. तिचे मोल आहे, पण ते बेताचे.

जिथे हा मनुष्य स्वतः बोलू लागतो तिथे या काव्याचे खरे सामर्थ्य दिसते, आणि त्यासाठी सेनेगालकडे वळावे लागते. डाकारमध्ये दिदिए अवादी आणि डग-ई-टी यांनी 1989 मध्ये पॉझिटिव्ह ब्लॅक सोल हा मेळा काढला. रॅप हे मूळचे आमचेच, वोलोफ समाजातील गेवेल म्हणजे वंशपरंपरागत भाटांचे, असा दावा तेथील कवी वारंवार करतात. इतिहास म्हणून तो सिद्ध करणे कठीण आहे. शिवाय त्यात एक अडचण दडलेली आहे, आणि ती त्या कवींनाही ठाऊक आहे: भाट आश्रयदात्याची स्तुती करून बिदागी घेतो, रॅप-कवीची प्रतिष्ठा बिदागी नाकारण्यात असते. पूर्वजांचा वाणीवरील अधिकार घ्यायचा आणि त्यांची चाकरी तेवढी टाळायची, असा हा वारसा आहे. शाहिरीच्या इतिहासाशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला हा पेच ओळखीचा वाटेल.

2006 मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मासेमारीच्या उघड्या होड्यांत बसून तीस हजारांहून अधिक माणसे स्पेनच्या कॅनरी बेटांवर पोचली. किती जण वाटेत बुडाले याची मोजदाद नाही. युरोपीय वृत्तपत्रांच्या लेखी ते ‘घुसखोरांचे संकट’ होते. त्याच वर्षी अवादीचे ‘सुनुगाल’ हे गीत आले. वोलोफ भाषेत ‘सुनु गाल’ म्हणजे ‘आपली होडी’, आणि देशाचे नाव यावरूनच पडले, अशी लोकव्युत्पत्ती प्रचलित आहे. भाषाशास्त्राला ती मान्य असो वा नसो, काव्याला ती पुरेशी आहे: देश हीच होडी, आणि ती होडी सोडण्यासाठी दुसऱ्या होडीत बसावे लागते, एवढा अर्थ एका शब्दात सामावतो. अनुवादकाला इथे हात टेकावेच लागतील. परंतु श्लेषाहूनही महत्त्वाचे आहे ते या गीताचे संबोधन. ते युरोपची करुणा भाकत नाही. निघालेला तरुण आपल्याच राज्यकर्त्यांना, दिलेल्या आणि मोडलेल्या वचनांचा, हिशेब विचारतो. स्थलांतर हा जागतिक प्रश्न म्हणून परिषदांतून चर्चिला जात असता, तो प्रश्न ज्याच्या देहावरून जातो त्याने तो आपल्या दारातल्या सत्तेपाशी आणून ठेवला.

या धिटाईला राजकीय फळही आले. 2000 च्या निवडणुकीत अब्दुलाये वाद सत्तेवर आले, तेव्हा बदलाची हाक देणाऱ्यांत रॅप-कवी पुढे होते. त्याच वाद यांच्याविरुद्ध जानेवारी 2011 मध्ये, विजेच्या सततच्या लपंडावाला विटून, काओलाक गावच्या ‘कर गी’ मेळ्यातील कवी आणि काही पत्रकार यांनी ‘यां आ मार’ म्हणजे ‘आता पुरे’ ही चळवळ उभारली. पहिल्याच फेरीत अवघ्या पंचवीस टक्के मतांवर अध्यक्ष निवडता यावा, अशी घटनादुरुस्ती 23 जून 2011 रोजी जनक्षोभामुळे मागे घ्यावी लागली, आणि मार्च 2012 मध्ये वाद पराभूत झाले. ज्याला आणले त्यालाच घालवले. पक्षाच्या दावणीला बांधलेल्या प्रचारकाव्यापासून हे काव्य वेगळे कसे, याला याहून चांगला पुरावा नको. 2013 पासून खुमान आणि केय्टी या दोघांनी ‘जुर्नाल रापे’ हे पद्यमय वार्तापत्र सुरू केले; पहिला फ्रेंचमध्ये सांगे, दुसरा वोलोफमध्ये. शासनाची भाषा आणि घराची भाषा एकाच बातमीवर समोरासमोर उभ्या राहिल्या. ज्या देशात अनेकांना फ्रेंच वृत्तपत्र वाचता येत नाही, तिथे ‘जाणीव वाढवणे’ या शब्दप्रयोगाला प्रथमच काही नेमका अर्थ आला.

ट्युनिशियाचे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून अधिक सावधपणे घ्यावे. स्फाक्स शहरातील हमादा बिन अमोर ऊर्फ एल जेनेराल याने नोव्हेंबर 2010 मध्ये ‘रईस लब्लाद’ हे थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून रचलेले गीत प्रसृत केले. 17 डिसेंबरला सिदी बूझिद येथे मुहम्मद बूअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला जाळून घेतले. जानेवारीच्या आरंभी कवीला अटक झाली, काही दिवसांत सुटका झाली. 14 जानेवारी 2011 रोजी बिन अली देश सोडून पळाले. या क्रमावरून गीताने राजवट उलथली, असे लिहिणारे लिहून गेले. हा भाबडेपणा आहे. राजवट उलथली ती बेकारी, महागाई आणि पोलिसी जाच यांनी. गीताने केले ते एवढेच, की प्रत्येकजण घरात कुजबुजत होता ते त्याने नाव घेऊन मोठ्याने म्हटले. क्रांतीनंतरही, 2013 मध्ये, पोलिसांची निंदा करणाऱ्या गीताबद्दल वल्द एल काँझ या दुसऱ्या कवीला दोन वर्षांची शिक्षा फर्मावण्यात आली. पुढे ती कमी करून स्थगित झाली. शब्दाचे भय राजवटीबरोबर गेले नव्हते.

भारतात या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण तमिळनाडूतील आहे. न्यू यॉर्क राज्यातील वॉटरटाऊन येथून उष्णतामापक बनवण्याचा कारखाना 1980 नंतरच्या दशकात कोडाईकॅनलला हलवण्यात आला आणि पुढे तो युनिलिव्हरच्या भारतीय शाखेकडे आला. पाऱ्याने दूषित काच भंगारवाल्याकडे सापडल्यावर 2001 मध्ये तो बंद पडला. कामगारांचा लढा पुढे चौदा वर्षे चालूच होता. जुलै 2015 मध्ये चेन्नईच्या सोफिया अश्रफ हिने एका गाजलेल्या अमेरिकी गीताच्या ठेक्यावर ‘कोडाईकॅनल वोंट’ गायिले, ते जगभर लक्षावधींनी ऐकले, कंपनीच्या प्रमुखाला जाहीर खुलासा करावा लागला, आणि मार्च 2016 मध्ये 591 माजी कामगारांशी तडजोड झाली. श्रेय प्रथम त्या कामगारांचेच. पण धोकादायक धंदा श्रीमंत देशातून गरीब देशात सरकतो, हा अर्थशास्त्राच्या ग्रंथांतला सिद्धान्त तीन मिनिटांत एका डोंगरावर, एका कंपनीच्या नावासह उभा राहिला, हे त्या गीताचे. ठेका उसना आहे, अशी तक्रार झाली. उसनवारी खरी; परंतु ज्या बाजारपेठेने कारखाना इथे पाठवला, तिच्याच करमणुकीच्या चालीवर तिला जाब विचारण्यात औचित्यही आहे.

मराठीला हे सर्व परके वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात अण्णा भाऊ साठ्यांनी मुंबईच्या श्रमिक वस्तीत स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, तेव्हा व्होल्गाकाठची लढाई कामगारांना आपल्या गल्लीतली वाटली होती. तिथे दूरचे जवळ आणले गेले. रॅप-काव्याची वाट उलटी, जवळच्याकडून दूरवर जाणारी. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांत रचना करणाऱ्या मुंबईच्या ‘स्वदेशी’ मेळ्याने 2019 मध्ये आरेतील आदिवासी गायक प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ सादर केले. शीर्षकातील उठाव गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे मराठी वाचकाच्या स्मरणात आहे, चित्रे वारली शैलीतली, विषय मात्र शहराने गिळायला काढलेले रान. नागर विस्तार, हवामान, मूलनिवासींचे हक्क हे शब्द बाजूला ठेवूनही त्या गीताचा आशय कळतो, कारण त्यात पाड्यावरचा माणूस स्वतः गातो. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरच्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील वृक्षतोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती.