लाळ कुणाची?

मुरबाड-शहापूरकडे भात कापून झाला की भेंडी लावतात. ती कल्याणच्या बाजारातून आपल्या डब्यात येते. कधी एखादं रोप खुरटतं, पाणी असूनही दुपारी मान टाकतं. उपटलं तर मुळांवर गाठीच गाठी. हे काम सूत्रकृमीचं. मुळात शिरणारं त्याचं पिल्लू अर्धा मिलिमीटरही नसतं. तोंडात पोकळ सुई, मागे तीन ग्रंथी. सुई खुपसून तो लाळ सोडतो, आणि झाडाच्या पेशी फुगून त्यालाच पोसत बसतात.

१८५५मध्ये माइल्स बर्कली यांनी इंग्लंडमध्ये काकडीच्या मुळांवर अशा गाठी पाहिल्या. पण लाळेत आहे काय, हे कळायला शतकाहून जास्त काळ गेला. एवढ्याशा जिवाची लाळ गोळा तरी कशी करणार?

भातशेतात साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन आठवा. घोड्याला थोडंथोडं विष टोचतात, मग त्याच्या रक्तात ते विष ओळखून धरणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. परळच्या हाफकिनचं नाव याच कामाशी जोडलेलं आहे. विष म्हणजे तरी काय, सापाच्या ग्रंथीतली लाळच!

मात्र घोड्याच्या रक्तात नाना अँटिबॉडींची सरमिसळ असते. १९७५मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी उंदराच्या पेशी वापरून एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची युक्ती काढली. जॉर्जिया विद्यापीठातल्या रिचर्ड हसी यांनी ती सूत्रकृमीवर वापरली. १९८९मध्ये त्यांनी नेमक्या ग्रंथींतल्या कणांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी जगापुढे ठेवल्या.

वनस्पतीच्या पेशीची भिंत सेल्युलोजची. ती फोडणारं सेल्युलेज प्राण्याला स्वतः बनवता येत नाही, असा समज होता. गाईचंसुद्धा पोटातल्या सूक्ष्मजीवांवाचून चालत नाही. १९९८मध्ये डच आणि अमेरिकन संशोधकांनी बटाट्यावरच्या सूत्रकृमीतलं सेल्युलेज अँटिबॉडीच्या गळाने ओढून काढलं आणि त्यावरून जनुक शोधलं. जनुक किड्याचं स्वतःचं निघालं. ठेवण मात्र जिवाणूंच्या जनुकासारखी, म्हणजे बहुधा फार पूर्वी त्यांच्याकडूनच आलेलं.

साप चावलेल्याला अँटिबॉडी वाचवते. इथे ती फक्त बोट दाखवते : हत्यार हे, आणि ते इथे बनतं. पण हत्यार कळलं की ते बोथट करता येतं. २००६मध्ये अमेरिकेत सूत्रकृमीच्या लाळेतला एक घटक बंद पाडणारी रोपं तयार झाली, त्यांच्या मुळांवर गाठी कितीतरी कमी आल्या. ती रोपं प्रयोगशाळेतली. मुरबाडच्या बांधावर आजही भिस्त आहे ती झेंडूवर आणि पिकांच्या फेरपालटीवर.