'दिसलं नाही' म्हणजे 'नव्हतं' का?

संशोधनाची तयारी करताय ना? मग हा जुना वाद माहीत असू द्या.

एप्रिल-मेमध्ये वार्बलर, टॅनेजर असे छोटे गाणारे पक्षी दक्षिणेतून उत्तर अमेरिकेत परततात. वाटेत मेक्सिकोचं आखात लागतं. ते हजारेक किलोमीटर पाणी ओलांडतात, की किनाऱ्याने वळसा घालतात? १९४५ मध्ये टेक्सासच्या जॉर्ज विल्यम्स यांनी शंका काढली: पक्षी समुद्रावरून येत असतील, तर स्वच्छ हवेत उत्तर किनाऱ्यावर दिसत का नाहीत? लुइझियानाचे जॉर्ज लाउरी म्हणाले, हवा चांगली असली की पक्षी किनाऱ्यावर थांबतच नाहीत, थेट आतल्या जंगलात उतरतात. पाऊस किंवा उत्तरेचा वारा आडवा आला, तरच दमून किनाऱ्यावरच्या झाडांत उतरतात.

म्हणजे बघा, पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी खोट्या नव्हत्या. पण किनाऱ्यावरची गर्दी खराब हवेची खूण होती, रिकामी झाडं सुखरूप प्रवासाची!

मग लाउरींनी साधन बदललं. १९४८ मध्ये दुर्बिणी चंद्रावर रोखून बिंबासमोरून जाणारे पक्षी मोजले गेले. पुढे १९६० च्या दशकात लुइझियानातच पीएचडी करणाऱ्या सिडनी गोथ्रो यांना हवामानखात्याच्या रडारवर आखातावरून येणारे थवे स्पष्ट दिसले.

तुमच्या तक्त्यातही रिकामा रकाना येईलच. 'काही नाही' असं लिहिण्याआधी विचारा: बघणारा उभा कुठे होता, आणि कोणत्या दिवशी?