अतिदक्षता विभागातील तंत्रज्ञांची पूर्वपीठिका

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर व परिचारिका यांच्या जोडीने यंत्रांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा आणखी एक वर्ग असतो. क्रिटिकल केअर टेक्नॉलॉजिस्ट या नावाने त्याचा आज पदवी अभ्यासक्रम आहे. या शिक्षणाची पाळेमुळे मात्र विद्यापीठात नव्हे, तर डेन्मार्कमधील एका साथीत सापडतात.

१९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओने थैमान घातले. ब्लेग्डॅम रुग्णालयात कृत्रिम श्वसनासाठी एक 'लोखंडी फुप्फुस' आणि छातीवर बसवायची सहा उपकरणे एवढीच सामग्री होती. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. तेव्हा प्रमुख वैद्य प्रा. लासेन यांनी भूलतज्ज्ञ डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांना पाचारण केले. रक्तात साठणारा कर्बवायू हा अपुऱ्या श्वासाचा परिणाम आहे, हे इब्सेन यांनी ओळखले. २७ ऑगस्ट रोजी एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यांनी नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली.

पण पिशवी दाबणार कोण? एकेका वेळी सुमारे ७० रुग्णांना असा श्वास द्यावा लागत होता. अखेर सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने खाटेपाशी बसले. पिशवी किती व केव्हा दाबावी, कफ कसा ओढून घ्यावा, बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या चेहऱ्यावरून काय ओळखावे, हे सारे त्यांना तेथेच शिकावे लागले. कोवळ्या वयात डोळ्यांदेखत रुग्ण जाण्याचे दुःखही त्यांच्या वाट्याला आले. तरीही अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते, ते वर्षअखेरीस २५ टक्क्यांच्या आसपास आले. पुढील वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनच्या दुसऱ्या रुग्णालयात स्वतंत्र कक्ष उभारला. जगातील पहिला अतिदक्षता विभाग म्हणून बहुधा त्याचाच उल्लेख होतो.

पिशवीची जागा व्हेंटिलेटरने घेतली, तरी धड्यांचे सूत्र बदलले नाही. श्वासाचे आकारमान ठरविणे, धमनीतील रक्ताच्या वायुतपासणीचा अर्थ लावणे, यंत्राने दिलेला इशारा खरा की नळी निसटल्याचा, हे क्षणात ताडणे, हाच आजच्या विद्यार्थ्याचा अभ्यास आहे. २०२० च्या कोविड साथीत व्हेंटिलेटर पोहोचले, पण ते हाताळणारी माणसे नाहीत, अशी स्थिती देशात अनेक ठिकाणी उद्भवली. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या शिक्षणाचे मानदंड व नोंदणी यांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापणारा कायदा केला.