आकाशातून उडी मारणाऱ्यांना समुद्राच्या तळाची ओढ का वाटते?

एकजण १३ हजार फुटांवर विमानाच्या उघड्या दारातून बाहेर झेपावतो. दुसरा पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात १८ मीटर खाली उतरतो. एका खेळात ताशी २०० किलोमीटरचा वेग, तर दुसऱ्यात हालचाल जितकी संथ तितकी चांगली. वरवर पाहता या दोन खेळांत काहीच साम्य नाही. तरीही स्कायडायव्हिंग करणारे अनेकजण सुट्टीत स्कुबा डायव्हिंगला जातात आणि तिथेही तितकेच रमतात.

'त्यांना धोका आवडतो,' हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर आहे. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर शरीर, सराव आणि शिस्त यांत सापडते. शिवाय हे दोन्ही खेळ एकाच सुट्टीत करणाऱ्यांसाठी एक नियम असा आहे, की तो मोडल्यास जिवावर बेतू शकते.

पायाखालची जमीन सुटते तेव्हा

स्कायडायव्हिंगमध्ये आपण सतत 'पडतोय' असे वाटत असेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात उडी मारल्यावर साधारण १० ते १२ सेकंदांत हवेचा विरोध आणि शरीराचे वजन यांचा तोल साधला जातो. त्यानंतर वेग वाढत नाही. पोटात गोळा येण्याची भावना राहत नाही आणि हवेच्या गादीवर पालथे झोपल्यासारखे वाटते. १३ हजार फुटांवरून उडी मारली, तर ही अवस्था पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम पाऊण मिनिट टिकते.

स्कुबामध्ये हेच पाण्यात घडते. कमरेला लावलेली शिशाची वजने आणि जॅकेटमधली हवा यांचा मेळ जमला, की डायव्हर वरही जात नाही आणि खालीही जात नाही, आहे तिथेच तरंगत राहतो. दीर्घ श्वास घेतला की तो किंचित वर येतो, सोडला की किंचित खाली जातो. मात्र इथे हा अनुभव पाऊण तासही मिळतो.

दोन्ही ठिकाणी माणूस पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांनी मोकळा असतो. हातापायांच्या छोट्याशा हालचालीने शरीर वळते. घाबरून हातपाय झाडले, तर हवेत माणूस गरगर फिरू लागतो आणि पाण्यात टाकीतली हवा भराभर संपते. अंग सैल सोडायला शिकलेल्या स्कायडायव्हरला म्हणूनच पाण्याखालचा पहिला धडा ओळखीचा वाटतो.

धोका आवडतो, की धोक्यावरचा ताबा?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्व्हिन झुकरमन यांनी १९६० च्या दशकात लोकांमधली 'नव्या आणि तीव्र अनुभवांची ओढ' मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या पुढे प्रचलित झालेल्या आवृत्तीत थरार आणि साहसाच्या आवडीचा एक वेगळा गट आहे. पॅराशूटने उडी मारायला आवडेल का आणि स्कुबा डायव्हिंगला जायला आवडेल का, हे दोन्ही प्रश्न त्याच गटात येतात. म्हणजे या दोन आवडी एकाच स्वभावाच्या खुणा आहेत, असे मानसशास्त्र बराच काळ मानत आले आहे.

पण ओढ असणे वेगळे आणि वर्षानुवर्षे टिकून राहणे वेगळे. वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एप्स्टाइन यांनी १९६७ मध्ये पॅराशूट उडी मारणाऱ्यांवर केलेला अभ्यास याबाबत बोलका आहे. नवख्यांच्या हृदयाचे ठोके उडीच्या क्षणापर्यंत वाढत गेले. अनुभवी लोकांचे ठोकेही वाढले, पण ते आधीच, आणि उडीची वेळ जवळ आली तसे ते उतरू लागले. भीती त्यांनाही होती. ती वेळेआधी आवरण्याची सवय त्यांना सरावाने लागली होती.

लालबाग, परळ किंवा गिरगावच्या माणसाला हे समजून घ्यायला विमानतळावर जायची गरज नाही. दहीहंडीची अनेक पथके गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू करतात. कोणत्या थरात कोण, कोणाच्या खांद्यावर कोणाचा पाय, थर कसा उतरवायचा, हे सगळे आठवडेच्या आठवडे घोटून घेतले जाते. बघ्यांना दिसतो तो थरार. पथकाला मात्र खालच्या थराची पकड आणि वरच्याचा तोल दिसत असतो. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली. तशी मागणी होण्यामागे हाच मुद्दा होता, की धोका आहे म्हणूनच प्रशिक्षण, सुरक्षा आणि विमा हवा.

तपासणी, जोडीदार आणि खुणांची भाषा

हे दोन्ही खेळ करणाऱ्यांना साम्य सर्वात आधी जाणवते ते तयारीत.

• राखीव सोय: स्कायडायव्हरच्या पाठीवर मुख्य पॅराशूटबरोबर दुसरे राखीव पॅराशूटही असते. स्कुबा डायव्हरकडे श्वास घेण्यासाठी एक जादा नळी असते, जी गरज पडल्यास जोडीदाराला देता येते.

• उपकरणे: एकाच्या मनगटावर उंची दाखवणारा ऑल्टिमीटर, तर दुसऱ्याच्या मनगटावर खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर. दोघांनाही ठरलेल्या आकड्यावर ठरलेली कृती करावीच लागते.

• एकमेकांची तपासणी: विमानात चढण्यापूर्वी आणि पाण्यात उतरण्यापूर्वी पट्टे, बकले, झडपा दुसऱ्याकडून तपासून घेण्याची पद्धत दोन्हीकडे आहे.

• खुणा: वाऱ्याच्या आवाजात किंवा पाण्याखाली बोलता येत नाही. स्कायडायव्हिंगच्या प्रशिक्षकाने दोन बोटे सरळ दाखवली, तर त्याचा अर्थ 'पाय लांब कर'. स्कुबामध्ये अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर जाऊया'. सगळे ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करतात.

• नोंदवही: प्रत्येक उडीची आणि प्रत्येक डाइव्हची नोंद ठेवली जाते. पुढचा परवाना त्या अनुभवावर मिळतो.

एका खेळात ही शिस्त अंगात मुरली, की दुसऱ्यात ती नव्याने शिकावी लागत नाही.

एकाच गणवेशात दोन्ही कौशल्ये

काही जणांसाठी हा छंद नसून नोकरीचा भाग असतो. भारतीय नौदलाची 'मार्कोस' ही कमांडो तुकडी १९८७ मध्ये उभी राहिली. तिच्या जवानांना पॅराशूटने उतरण्याचे आणि पाण्याखाली पोहून जाण्याचे, असे दोन्ही प्रशिक्षण दिले जाते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दक्षिण मुंबईतल्या ताज हॉटेलमध्ये राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या आधी पोहोचले होते ते हेच कमांडो. शत्रूच्या नजरेत न येता पोहोचण्याचे दोन मार्ग म्हणजे आकाश आणि पाणी. दोन्हीकडे लागणारा स्वभाव एकच, कोंडी झाली तरी डोके शांत ठेवणारा.

आधी आकाश, मग समुद्र

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. सकाळी स्कुबा आणि दुपारी स्कायडायव्हिंग असा बेत आखणे धोक्याचे आहे.

कारण हवेच्या दाबात आहे. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट आणि २० मीटरवर तिप्पट होतो. १३ हजार फुटांवर मात्र तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरतो. म्हणजे १३ हजार फूट उतरताना दाबात जो फरक पडतो, तो समुद्रात पहिल्या चार मीटरमध्येच पडतो. कान दुखू नयेत म्हणून स्कुबा डायव्हरला उतरताना सतत नाक धरून कानांतला दाब सारखा करावा लागतो तो यासाठी.

वाढलेल्या दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. डायव्हर सावकाश वर आला, तर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो. दाब झटकन कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होतात. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की जे होते, तेच शरीरात. याला डिकम्प्रेशन सिकनेस किंवा 'बेंड्स' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत पुलांचे पाये खणणाऱ्या मजुरांना हा आजार होत असे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग त्यामुळेच अंथरुणाला खिळले होते.

पाण्याबाहेर आल्यावरही शरीरात जादा नायट्रोजन काही तास राहतो. त्या अवस्थेत उंचीवर गेले, तर बाटली पुन्हा उघडल्यासारखे होते. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विमान प्रवासापूर्वी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावे. बरेच प्रशिक्षक सरसकट २४ तास सांगतात.

पण हे आकडे प्रवासी विमानांसाठी आहेत. त्यांच्या आत ८ हजार फुटांइतका दाब राखलेला असतो. स्कायडायव्हिंगच्या विमानात अशी सोय नसते आणि ते त्याहून बरेच वर जाते. त्यामुळे डाइव्हनंतर उडी मारायची असेल, तर २४ तासांहून कमी अंतर ठेवूच नये. सलग काही दिवस डाइव्ह केली असेल, तर आणखी थांबावे. उलट क्रमाला, म्हणजे आधी उडी आणि मग डाइव्ह याला, नायट्रोजनची अडचण नाही. थकवा आणि सर्दी तेवढी नसावी.

सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, अंगावर चट्टे, हातापायांत अशक्तपणा किंवा न समजणारा थकवा ही बेंड्सची लक्षणे असू शकतात. अशा वेळी 'झोपलो की बरे वाटेल' म्हणून वाट पाहू नये. ऑक्सिजन द्यावा, डॉक्टरांना डाइव्हची माहिती सांगावी आणि उच्च दाबाच्या कक्षातले उपचार कुठे मिळतील हे तातडीने विचारावे.

मुंबईकराने काय लक्षात ठेवावे?

दादर किंवा गिरगावच्या चौपाटीसमोरचे पाणी गाळाने गढूळ असते, तर शहराचे आकाश विमानांच्या वर्दळीने व्यापलेले. म्हणून हे दोन्ही छंद मुंबईकराला बाहेरच जोपासावे लागतात. स्कुबासाठी सर्वात ओळखीचे ठिकाण म्हणजे मालवण-तारकर्ली. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. पावसाळ्यात मात्र तिथला समुद्र डायव्हिंगसाठी बंद असतो.

तयारी घराजवळ सुरू करता येते. स्कुबाच्या पहिल्या परवान्यासाठी साधारणपणे २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे यावे लागते. शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी जलतरण तलावात किंवा चर्नी रोडच्या मफतलाल बाथमध्ये पोहायला शिकलेल्याला हे अवघड नाही.

परतीचा बेत मात्र आधी ठरवावा. रविवारी सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी विमान पकडणे वरच्या नियमात बसत नाही. पर्यटकांना नेतात ती छोटी डाइव्हही डाइव्हच असते. सुमारे २,२०० फूट उंचीच्या आंबोली घाटातून लगेच गाडी नेणेही टाळावे. कुडाळहून दादरला येणारी तुतारी एक्स्प्रेस घाटमाथ्यावर चढत नाही, त्यामुळे डाइव्हनंतर परतायला रेल्वे सोयीची. आकाशातली उडी पुढच्या शनिवार-रविवारसाठी राखून ठेवावी.