चिंध्यांचा चेंडू आणि जपानची तेमारी



इंदापूरला आजी गोधडी शिवायला बसली की उरलेल्या चिंध्यांचा आम्हाला चेंडू करून द्यायची. चिंध्या घट्ट गुंडाळायच्या, वरून दोरा आवळायचा, झाला चेंडू! पुढे घरात रबरी चेंडू आला आणि आजीचा चेंडू गेला.

जपानमध्येही असंच घडलं. तिथल्या चेंडूचं नाव तेमारी, म्हणजे हाताचा चेंडू. त्याचा पूर्वज चीनमधून आलेला, पायाने खेळायचा कातडी चेंडू. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ मध्ये, सुती दोरा घरोघरी मिळू लागला. बायका जुन्या किमोनोच्या चिंध्या गुंडाळून मुलींसाठी चेंडू करू लागल्या. चेंडूचे सारखे भाग पाडायचे, टाचण्यांनी खुणा करायच्या आणि रंगीत दोऱ्याने टाके घालत शेवंती फुलवायची. आपली ठिपक्यांची रांगोळीच, फक्त गोल चेंडूवर. नंतर मेइजी काळात रबरी चेंडू आले आणि तेमारी खेळातून मागे पडली, शोभेची वस्तू म्हणून उरली.

दशलक्षण पर्वाच्या तोरणात असे गोळे लावावेत असं माझ्या मनात आलं. पण बऱ्याच तेमारी रेशमी दोऱ्याच्या असतात, तिथे माझा हात थांबला. आपल्या बारामतीत आता रेशीमकोशांचा बाजार भरतो. शेतकऱ्याच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. तरीही अखंड धागा निघावा म्हणून कोश आतल्या जिवासकट उष्णतेने मारतात, हे माहीत असताना तो त्रस जीव विसरून मंदिर कसं सजवायचं?

उत्तर जपानमध्येच सापडलं. शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांताचं जुनं नाव सानुकी. साखर, मीठ आणि कापूस या तीन पांढऱ्या जिनसांसाठी तो प्रांत प्रसिद्ध होता. तिथल्या तेमारीत आत भाताचं तूस असतं आणि वर झाडपाल्याच्या रंगात रंगवलेला सुती दोरा. ही कलाही संपत आली होती. विसाव्या शतकात तिथल्या लोकांनी जुन्या माणसांना विचारून ती पुन्हा उभी केली.

आपल्याकडेही जपाला सुताची माळ असतेच. म्हणून यंदा तोरणासाठी जुन्या सुती साड्यांच्या चिंध्या आणि सुती दोराच घेऊ या. आणि घरात आजी असेल तर आधी तिच्याकडून चेंडू बांधायला शिका. मी माझ्या आजीला विचारायचं राहूनच गेलं.