वीम्स भांडीं आणि नेकोलाचा कुंचला

चिनी मातीचें जुनें भांडें हातीं आलें कीं जाणता संग्राहक प्रथम तें उलटें करून तळ पाहतो. तळावरील ठशावरून कारखाना कळतो आणि कारखान्यावरून बहुधा किंमत ठरते. परंतु स्कॉटलंडमधील ‘वीम्स’ नांवाच्या रंगीत भांड्यांच्या बाबतींत ही रीत अपुरी पडते. तेथें ठशाहून अधिक महत्त्व रंगविणाऱ्या हाताला आहे.

एडिंबरोच्या उत्तरेस, फोर्थच्या खाडीपलीकडे फाइफ परगणा आहे. तेथील कर्कॉडी गांवीं ‘फाइफ पॉटरी’ हा कारखाना होता. त्याचा मालक रॉबर्ट हेरन यानें १८८२ च्या सुमारास बोहेमियांतून कांहीं चितारी आणविले. इतर मायदेशीं परतले. कारेल नेकोला मात्र राहिला. हेरनच्या घरच्या स्वयंपाकिणीशीं विवाह करून त्यानें तेथेंच संसार थाटला. जवळच्या वीम्स किल्ल्यांतील उमराव घराण्यावरून या भांड्यांस नांव मिळालें, आणि लंडनच्या टॉमस गूड पेढीमुळें तीं श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत पोहोंचलीं.

या भांड्यांचें सौंदर्य आणि त्यांचें दौर्बल्य हीं एकाच कारणांतून उपजलीं आहेत. पहिल्या भट्टींत भांडें मंद आंचेवर भाजीत. त्यामुळें तें सच्छिद्र राही, आणि नव्या माठांत पाणी मुरावें तसा कुंचल्यांतील रंग त्यांत मुरे. एकदां उमटलेली रेघ पुसतां येत नसे. वर मऊ झिलई चढवून पुनः भाजलें कीं गुलाब, चेरी, कोंबडे टवटवीत दिसत. परंतु अशी माती ठिसूळ. तिचे टवके उडत, झिलईस तडे जात. म्हणून अखंड नग थोडे उरले, आणि ब्रिटनच्या राजमाता एलिझाबेथ (१९००–२००२) यांच्यासारख्या रसिकांनीं ते आवडीनें जमविले.

नेकोलानें स्थानिक मुलांस कुंचला धरावयास शिकविलें. त्यांत त्याचे पुत्र जोसेफ आणि कार्ल हेही होते. अखेरच्या आजारांत भांडीं त्याच्या घरीं नेलीं जात. १९१५ सालीं तो वारला. त्याच्या जागीं आलेला एडविन सँडलंडही १९२८ मध्यें निवर्तला, आणि १९३० च्या सुमारास कारखाना बंद पडला. साचे व हक्क डेव्हनमधील बोव्ही ट्रेसीच्या कारखान्यानें घेतले. परंतु केवळ साच्यांनीं गुलाब उमटत नाहीं, म्हणून जोसेफही तिकडे गेला. १९५२ सालीं मृत्यु येईपर्यंत तो तेथेंच होता. तेथल्या कित्येक भांड्यांच्या तळावर प्लिश्टा या लंडनच्या व्यापाऱ्याचें नांव आहे. नवशिका संग्राहक तीं परकीं समजून बाजूस सारतो. जाणता मात्र फुलाच्या पाकळ्या न्याहाळतो. चिताऱ्याची सही क्वचितच आढळत असल्यामुळें त्याला दुसरा साक्षीदार नसतो.

१९८५ सालीं फाइफमधीलच सीरीस गांवीं ग्रिझेल्डा हिल यांनीं वीम्स भांडीं पुनः घडविण्यास आरंभ केला. पुढें जोसेफची शिष्या एस्थर वीक्स हिनें तेथील चिताऱ्यांस आपल्या गुरूची हातोटी दाखविली. बोहेमियांतून आलेली विद्या अशी डेव्हनचा फेरा करून फाइफला परतली. कारखाने बुडाले, ठसे बदलले. विद्या मात्र वांचली, कारण प्रत्येक पिढींत ती शिकणारा कोणीतरी गुरूच्या शेजारीं बसला होता.